सीलवाले काकांचं गाऱ्हाणं

कुलूप लावल्यावर ते एकदा ओढून बघणारी माणसं जगात पुष्कळ आहेत. दोनदा ओढून बघणारीही आहेत. पण लावलेलं कुलूप ओढून, पिळून, कानाशी हलवून, चार पावलं पुढे गेल्यावर परत येऊन पुन्हा ओढून बघणारा, आणि एवढं करूनही त्या कुलपाकडे संशयानेच पाहणारा माणूस अख्ख्या मुंबई उपनगरात एकच झाला आणि तो नेमका माझ्या वाट्याला आला, असं माझं ठाम मत आहे. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत आमची कंपनी आहे. आम्ही स्टीलच्या गाळण्या, चाळण्या आणि झारे करतो आणि परदेशी पाठवतो. थोडक्यात, पत्र्याला भोकं पाडून पोट भरतो. मी तिथे निर्यातीची कागदपत्रं सांभाळते, आणि माल भरलेल्या कंटेनरला सील ठोकायचं काम ज्यांच्याकडे होतं ते आमचे सीलवाले काका. त्यांना नाव होतं, आडनावही होतं, पगारपत्रकावर ते दर महिन्याला छापून यायचं. पण एखाद्या नवख्याने त्या नावाने चौकशी केली की गेटवरचा वॉचमन 'असा कोणी इथे नाही' म्हणून त्याला वाटेला लावायचा.

काका मूळचे मालवणकडचे. वडील गिरणीत होते, काका गाळण्यांत आले. राहायला कांजूरमार्गला. उंची बेताची, अंगात कायम अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, आणि चष्मा नाकापेक्षा कपाळावरच जास्त. त्या चष्म्याखालून ते समोरच्याकडे असे बघायचे की निर्दोष माणसालाही आपले खिसे चाचपून पाहावेसे वाटत. मी नोकरीला लागले त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे असंच बघितलं होतं. 'मुलुंडवरून येतंस? मुलुंडात खय?' असा प्रश्न विचारला, मी पत्ता सांगितला, आणि पुढच्या सोमवारी ते मला म्हणाले, 'बरोबर आसा तुझो पत्तो. माझो एक भाचो थयसरच रवता. तेका बघून येवक सांगितलंय.' मला राग यायला हवा होता. पण एवढ्या कष्टाने आपल्यावर संशय घेणारं माणूस आयुष्यात पहिल्यांदाच भेटल्यामुळे मला थोडं कौतुकच वाटलं.

काकांचा जेवणाचा डबा सुतळीने बांधलेला असायचा आणि तिची गाठ खास त्यांची स्वतःची. कधीकाळी त्यांच्या डब्यातला तळलेला बांगडा नाहीसा होऊन त्या जागी फ्लॉवरची भाजी आली होती. ही घटना मी कंपनीत येण्याच्या कितीतरी आधीची. ज्याच्यावर वहीम होता तो माणूस निवृत्त होऊन गावीसुद्धा गेला, पण काकांच्या दृष्टीने तपास चालू होता. रोज दुपारी डबा सोडण्यापूर्वी ते ती गाठ दोन्ही बाजूंनी न्याहाळायचे आणि मगच सोडायचे. मुलाच्या लग्नात तर त्यांनी कहर केला. मी स्वतः हजर होते म्हणून सांगते. वऱ्हाडाच्या बसवाल्याचं लायसन्स तपासून झालं, हॉलच्या मागच्या दाराला स्वतः आणलेलं कुलूप लावून झालं, आणि मंगलाष्टकांच्या आधी भटजींनी अंतरपाट उलगडला तेव्हा काका पुढे झाले आणि त्यांनी तो हातात घेऊन दोन्ही बाजूंनी उलटून पाहिला. भटजी म्हणाले, 'काय बघताय?' काका म्हणाले, 'खय भोक नाय मा, ता बघतंय.' नवरामुलगा मान खाली घालून उभा होता. त्याला सवय असावी.

गेटवरची वही हा त्यांचा खरा संसार. आत येणाऱ्या प्रत्येकाने नाव, वेळ, कोणाला भेटायचं आणि कशासाठी हे लिहिलंच पाहिजे. वही तशी वॉचमनची, पण काका दर तासाला जाऊन तिच्यावर डोळा ठेवायचे. एकदा आमचे शेठ ओळखपत्र घरी विसरून आले. काकांनी त्यांना आपल्याच कारखान्याच्या दारात उभं केलं आणि वही पुढे सरकवली. शेठ स्वभावाने गरीब. त्यांनी मुकाट्याने नाव लिहिलं, वेळ लिहिली, आणि 'कोणाला भेटायचे आहे' या रकान्याशी पेन अडलं. 'काय लिहू?' असं त्यांनी विचारलं तेव्हा काका शांतपणे म्हणाले, 'कोणाक भेटूचा आसा ता तुमका म्हायत. माका कसा म्हायत असतला?' शेवटी शेठनी 'स्वतः' असं लिहिलं. ते पान अजून आमच्याकडे आहे.

आणि सीलच्या कपाटाची किल्ली. कंटेनरच्या कडीत ठोकायची ती जाड खिळ्यासारखी लोखंडी सीलं, प्रत्येकावर वेगळा नंबर असलेली, एका लोखंडी कपाटात असत. त्या कपाटाची किल्ली काकांच्या करगोट्याला बांधलेली असायची. कपाट उघडायचं म्हणजे काका आधी भिंतीकडे तोंड करून उभे राहणार, मग बराच वेळ काहीतरी खुडबुड होणार, आणि आम्ही सगळे तेवढा वेळ पंख्याकडे बघणार. 'काका, किल्ली खिशात ठेवा ना,' असं मी एकदा म्हणाले. त्यावर ते म्हणाले, 'खिशात दुसऱ्याचो हात जाता.'

पण हे सगळं झालं किरकोळ. काकांचं मुख्य काम म्हणजे त्यांचं गाऱ्हाणं. कोकणात शुभकार्याच्या आधी देवाला आणि गावच्या राखणदाराला मोठ्याने साकडं घालतात, प्रत्येक वाक्याला जमलेली मंडळी 'व्हय म्हाराजा!' म्हणतात, ते सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्याकडे ते कंटेनरपुढे व्हायचं. त्याचं असं झालं की पूर्वी एकदा पावसाळ्यात गेलेल्या आमच्या एका कंटेनरच्या छपराला भोक होतं. वाटेत पाणी आत गेलं आणि पलीकडे उघडल्यावर खोक्यांचा लगदा निघाला. चूक रिकामा कंटेनर देणाऱ्यांची होती, पण काकांनी ती स्वतःच्या मनाला लावून घेतली. चार दिवस सुट्टी टाकून गावी गेले, जत्रेला हजेरी लावली, आणि परत आले ते गाऱ्हाणं घेऊनच. रिकामा कंटेनर आवारात येऊन उभा राहिला की काका चपला काढून त्याच्यासमोर हात जोडत आणि खणखणीत आवाजात सुरू करत, 'बा देवा म्हाराजा, वाटेच्या राखणदारा, आज ह्यो डबो तुझ्यासमोर उभो आसा. ह्येची फुडची भिंत आमी ठोकून बघितली!' 'व्हय म्हाराजा!' 'डावी कूस बघितली!' 'व्हय म्हाराजा!' मग उजवी कूस, मग तळ, मग दारं आतून-बाहेरून, मग वाकून डब्याचं पोट, आणि शेवटी छप्पर. अशा सात जागा. छपराची पाळी आली की काका स्वतः आत शिरत, बाहेरून दारं लावून घेत आणि आतल्या काळोखात उभं राहून कुठून उजेड येतोय का ते बघत. सगळं ठीक असेल तर आतून घुमल्यासारखी आरोळी यायची, 'काळोख आसा म्हाराजा!' की आम्ही बाहेरून 'व्हय म्हाराजा!' माल भरून सील लागलं की दुसरं छोटं गाऱ्हाणं सीलचं. ओढून बघितलं, पिळून बघितलं, नंबर वाचला, आणि 'ह्येच्याकडे जो कोण वाकड्या नजरेन बघात, तेका तू बघून घे रे म्हाराजा!'

याला एक कडक नियम होता. ज्या माणसाच्या वाट्याची जी जागा, त्याने ती स्वतः पाहिल्याशिवाय 'व्हय' म्हणायचं नाही. त्याने म्हटल्यावर मग बाकीच्यांनी. आमचा फोरमन पास्कल मरोळ गावठाणातला, दर रविवारी न चुकता चर्चमध्ये मिस्साला जाणारा. त्याच्या वाट्याला डब्याचं पोट आलेलं. एकदा नवी पँट घातली होती म्हणून तो खाली न वाकताच 'व्हय म्हाराजा' म्हणून मोकळा झाला. त्या दुपारी त्याला जेवण जाईना. शेवटी हात धुऊन उठला, त्याच नव्या पँटीत ट्रेलरखाली सरपटत गेला, सगळं ठीक आहे असं बघून आला, आणि मग जेवला. मी विचारलं तर म्हणाला, 'मॅडम, देव कोणाचा पण असू दे ना, त्याला खोटं कसं बोलणार यार?'

अशा रीतीने सगळं झकास चाललेलं असताना आमच्या सगळ्यात मोठ्या परदेशी गिऱ्हाइकाचं पत्र आलं. कस्टम्सची एक योजना आहे. ज्या व्यापाऱ्याचे व्यवहार सरळ, आणि ज्याचा माल कारखान्यापासून जहाजापर्यंत मध्ये कोणाचा हात न लागता सुरक्षित जातो, त्याला कस्टम्स विश्वासातला व्यापारी म्हणून प्रमाणपत्र देतं. मग त्याचे कंटेनर बंदरावर सहसा उघडत नाहीत आणि खोळंबत नाहीत. योजनेचं इंग्रजी नाव लांबलचक, म्हणून सगळे नुसतं 'एईओ' म्हणतात. गिऱ्हाइकाने कळवलं होतं की यंदा हे प्रमाणपत्र घ्या, नाहीतर पुढच्या वर्षापासून आम्ही माल दुसरीकडून घेऊ. पत्रातली भाषा फार गोड होती. पण या एका गिऱ्हाइकाच्या गाळण्यांवर आमचा निम्मा कारखाना चालतो. पंचिंगला बसणाऱ्या बायका, पॉलिशवाले, पॅकिंगवाले, सगळ्यांच्या चुली त्यावर. शेठनी मला बोलावलं आणि म्हणाले, 'हे तुम्ही बघा.' मी 'होऊन जाईल' म्हणाले.

काकांनी 'एईओ'चं पहिल्या दिवशीच 'येवा' करून टाकलं. मालवणीत येवा म्हणजे या. 'गेटार कॅमेरे लावतत, कुंपणार तारा मारतत, कोणाक आत सोडूचा नाय म्हणतत,' ते मला म्हणाले, 'आणि नाव काय ठेवलानी तर येवा! कोणाचा डोक्या ह्या?' मी त्यांना तीनदा समजावलं. मग मीही नाद सोडला. आठवड्याभरात अख्खा कारखाना 'येवाचं काम कुठवर आलं' असं विचारू लागला आणि एकदा तर शेठही घाईघाईत फोनवर कोणाला तरी 'आमचं येवा चालू आहे' म्हणाले.

मदतीला आम्ही एक सल्लागार नेमला होता. टाय लावणारा, चकचकीत लॅपटॉपवाला. त्याने आमच्यासाठी इंग्रजीत जाडजूड फायली तयार केल्या. कंटेनर कसा तपासायचा याचा छापील कागद केला, सात जागा, सात चौकोन, चौकोनात खूण करायची. मला ते सगळं फार आवडलं. मी कागदाची माणूस. एखादी गोष्ट टाइप होऊन फायलीत गेली की ती झालीच, अशी माझी समजूत. मग एका सकाळी या सल्लागाराने काकांचं गाऱ्हाणं पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. मला बाजूला घेऊन म्हणाला, 'मॅडम, ये सब ऑफिसर लोगों के सामने नहीं चलेगा. बंद करवाइए.' मला ते पटलं, हे मी आज लाजून सांगते. मी काकांकडे गेले आणि म्हणाले, 'काका, तपासणी होईपर्यंत गाऱ्हाणं नको. पास्कल कागदावर खुणा करील.' मला वाटलं होतं, आता तासभर वाद होणार. काका फक्त 'बरा' म्हणाले आणि चपला घालून आत गेले. एवढी वर्षं ज्यांनी माझा पत्तासुद्धा सरळपणे मानला नाही, त्यांनी ही एक गोष्ट न भांडता ऐकली, याचं मला रात्री घरी गेल्यावरही वाईट वाटत राहिलं.

तपासणीचा दिवस उजाडला. कस्टम्सच्या एक बाई आणि त्यांच्यासोबत एक अधिकारी आले. बाई मराठीच, पण विदर्भाकडच्या, आवाज शांत आणि नजर काकांच्या तोडीची. गेटवर त्यांना वहीत नाव लिहायला लावलं तेव्हा त्यांनी मान डोलावली आणि मला जरा धीर आला. फायली त्यांनी भराभर पाहिल्या. मग सीलच्या कपाटापाशी आल्या. 'किल्ली कोणाच्या ताब्यात असते?' काका म्हणाले, 'माझ्या.' 'दाखवा.' काकांनी शर्ट खाली ओढला. 'दाखवा ना. कुठे ठेवता?' काकांचा चेहरा लालबुंद झाला. माझ्याकडे बघून ते म्हणाले, 'बाय, तेंका सांग, ती जागा सुरक्षित आसा.' मी बाईंना शक्य तितक्या सभ्य शब्दांत समजावलं. त्या चटकन पंख्याकडे बघू लागल्या, काका भिंतीकडे वळले, आणि किल्ली आली. बाईंनी आपल्या वहीत काहीतरी लिहिलं. मला वाटतं त्या हसू दाबत होत्या.

तेवढ्यात रिकामा कंटेनर आला. त्याच दिवशी त्याच गिऱ्हाइकाचा माल भरून जायचा होता. पास्कल छापील कागद घेऊन पुढे झाला आणि ड्रायव्हर गाडीतून उतरायच्या आत त्याने सातही चौकोनांत सात खुणा केल्या. एका ओळीत, सुबक. कागदाला खोटं सांगायला त्याला काहीच वाटलं नाही, आणि खरं तर मलाही त्या क्षणी काही वावगं दिसलं नाही. बाईंना दिसलं. त्यांनी विचारलं, 'आत कोण गेलं होतं?' कोणी नाही. 'छप्पर कोणी पाहिलं?' कोणी नाही. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, 'कागद छान आहेत तुमचे.' माझी कोणी एवढ्या थंडपणे स्तुती केल्याचं मला आठवत नाही. पास्कल माझ्या कानाशी येऊन पुटपुटला, 'मॅडम, वाट लागली.' शेठ दाराच्या चौकटीला धरून उभे होते. वरच्या मजल्यावरून पंचिंगचा आवाज येत होता, आणि आपण 'होऊन जाईल' म्हणालो होतो तेवढंच मला आठवत होतं.

बाईंनी तरीही एक प्रश्न विचारला. 'हे कागद यायच्या आधी तुम्ही कंटेनर कसा बघत होता?' यावर लोडिंगचा मुकादम, जौनपूरकडचा सरळ माणूस, पटकन बोलून गेला, 'मॅडम, पहले तो सब म्हाराजा के सामने होता था.' बाईंच्या भुवया वर गेल्या. 'कोण महाराज? कंपनीचे कर्मचारी आहेत?' 'नहीं मॅडम.' 'बाहेरचा माणूस लोडिंगच्या जागेत येतो? गेटच्या वहीत त्यांची नोंद आहे?' आता मात्र काकांना राहवेना. वहीत नोंद नसलेला कोणी आत येतो, हा आरोप त्यांच्या जिव्हारी लागला. पुढे येऊन ते म्हणाले, 'मॅडम, तेंची नोंद नसता. ते आदीपासून आतच आसत.' सोबतचे अधिकारी सावध होऊन आवारात इकडेतिकडे बघू लागले. मग मला कंठ फुटला. मी म्हणाले, 'मॅडम, सांगत बसण्यापेक्षा दाखवतो. काका, गाऱ्हाणं घाला.' काकांनी माझ्याकडे बघितलं. मी पुन्हा म्हणाले, 'घाला काका. चुकलं माझं.'

त्यांनी चपला काढल्या, हात जोडले. 'बा देवा म्हाराजा, वाटेच्या राखणदारा...' बघता बघता सगळे आपापल्या जागी धावले. फुडची भिंत ठोकली गेली, डाव्या कुशीवरून, उजव्या कुशीवरून मुठी फिरल्या, तळावर पाय आपटले, दारं आतून-बाहेरून हलवून झाली, आणि पास्कल शर्ट-पँट न बघता ट्रेलरखाली शिरला. प्रत्येक जागेला आधी एक आवाज आणि मग सगळ्यांचा, 'व्हय म्हाराजा!' बाईंनी टोपण काढलं होतं आणि बोटांवर जागा मोजत होत्या. मग काका आत शिरले, दारं लागली, आणि आम्ही सगळे आतल्या आरोळीची वाट बघत उभे राहिलो. आरोळी आली नाही. मग आतून काका साध्याच आवाजात म्हणाले, 'उजेड आसा म्हाराजा.' आणि कोणालाच 'व्हय' म्हणवेना.

छपराच्या कडेला चण्याच्या डाळीएवढं भोक होतं. बाहेरून रंगाच्या पोपड्यांआड लपलेलं, नुसत्या नजरेला दिसणारही नाही असं. ड्रायव्हर ओरडू लागला, 'इतने से छेद के लिए गाडी वापस?' मी शेठकडे बघितलं. तो कंटेनर परत गेला तर माल त्या आठवड्याच्या जहाजावर चढणार नव्हता, आणि माल होता नेमका त्याच गिऱ्हाइकाचा. जन्मभर पत्र्याला भोकं पाडून जगलेली आमची कंपनी एका भोकावर बुडणार, असं माझ्या मनात आलं. काकांनी मात्र कोणाला काही विचारलंच नाही. कंटेनरमधून उतरून त्यांनी चपला घातल्या आणि ड्रायव्हरला म्हणाले, 'परत घेऊन जा.' शेठनी चौकटीवरचा हात काढला, घाम पुसला आणि म्हणाले, 'काका म्हणतात तसं. परत.' शेठ मला त्या दिवसापासून आवडू लागले.

निघताना बाई एवढंच म्हणाल्या, 'तुमच्या फायलीतली ती पद्धत काढून टाका. ही लिहा. जशी आहे तशी.' मी विचारलं, 'देवासकट?' त्या म्हणाल्या, 'तो तुमचा प्रश्न. मला सात जागा हव्यात आणि त्या खरोखर बघणारी माणसं हवीत.' पुढचे तीन दिवस काका सांगत होते आणि मी टाइप करत होते. 'व्हय म्हाराजा' कागदावर आलंच पाहिजे असा त्यांचा हट्ट होता. शेवटी मी इंग्रजीत 'उपस्थित सर्वांचा तोंडी दुजोरा' अशा अर्थाचं वाक्य घातलं आणि पुढे मराठीत मूळ शब्द ठेवले. माल पुढच्या जहाजाने गेला. उशीर का झाला हे मी गिऱ्हाइकाला खरंखरं कळवलं, आणि त्यांचं उत्तर आलं की असाच उशीर करत जा.

प्रमाणपत्र यायला बरेच आठवडे लागले. ते आलं त्या दिवशी मी खुर्चीत बसून चक्क रडले. शेठनी पेढे मागवले, पंचिंगच्या बायकांनी यंत्रं थांबवून टाळ्या वाजवल्या, पास्कलने छातीवर क्रूसाची खूण केली आणि लगेच 'व्हय म्हाराजा' म्हणाला. सगळ्यांचाच जीव भांड्यात पडला होता. एकटे काका लोडिंगच्या पायरीवर हातात पेढा धरून बसले होते. मी जवळ जाऊन म्हणाले, 'काका, सुटलो ना! आता बंदरावर आपले डबे सहसा कोणी उघडणार नाही.' ते म्हणाले, 'ताच म्हणतंय मी. आजपर्यंत माझा काय चुकला तर फुडे कोणतरी बघणारो होतो. आता आमच्या मागसून कोण बघतलो गो बाय?' वर्षभर मी या विश्वासाच्या मागे धावत होते, आणि तो मिळाल्यावर किती जड होतो हे आमच्यात एकट्या त्या संशयी माणसालाच कळलं होतं. त्यांनी पेढा खाल्ला, पण जरा वेळाने.

गेल्या वर्षी काका निवृत्त झाले. निरोपसमारंभात त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली, धुऊन, नव्या दोऱ्यात ओवून. आता गाऱ्हाणं मी घालते. माझी मुलुंडची मालवणी ऐकून पास्कल मान फिरवून हसतो, पण ट्रेलरखाली शिरतो. छपराची पाळी आली की मीच आत जाते, दारं बाहेरून लागतात आणि गडद काळोख होतो. पहिल्यांदा मला भीती वाटली होती. आता तो काळोख बघितला की इतकं हायसं वाटतं की मी गरजेपेक्षा थोडी जास्तच थांबते आणि बाहेरची मंडळी दारावर थापा मारू लागतात. काकांची तिथे फार आठवण येते.

डबा गेला की त्या संध्याकाळी कांजूरमार्गहून फोन येतो. डबा आज जाणार हे त्यांना कोण कळवतं ते मी अजून शोधलेलं नाही, पण फोन चुकत नाही. काकांचा आवाज अलीकडे जरा बारीक झाला आहे. कसं काय, तब्येत काय, असलं ते काही विचारत नाहीत. आमच्या मागून बघणारं अजून कोणीतरी आहे, एवढ्याने मला बरं वाटतं.

'उजेड दिसलो काय?'

'नाही काका.'

'तूच आत गेललंस मा?'

'मीच गेले होते. पूर्ण काळोख होता.'

'मगे बरा झाला,' असं म्हणून ते फोन ठेवतात, आणि मी टेबल आवरून घरी जायला निघते.